पांढऱ्या पिसांची पलटण

३० ऑगस्ट १९१४, रविवार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन या बंदरात एक म्हातारा आरमारी अधिकारी भाषणाला उभा राहिला. नाव चार्ल्स पेनरोज फिट्झजेरल्ड, हुद्दा निवृत्त व्हाइस ॲडमिरल, वय ७३. ब्रिटन युद्धात उतरून अजून महिना व्हायचा होता आणि बातम्या वाईट येत होत्या. बेल्जियममधल्या मॉन्सला ब्रिटिश फौज जर्मनांना पहिल्यांदा भिडली त्याला आठवडाच झाला होता, आणि तेव्हापासून ती रोज मागे सरत होती. फोकस्टनच्या धक्क्यावर बेल्जियममधून जीव घेऊन पळालेली माणसे बोचकी सांभाळत उतरत होती.

ॲडमिरलसाहेब मुद्द्यावर आले. गावात धडधाकट पोरे साध्या कपड्यांत रिकामी हिंडत आहेत. लढाईत भेटेल त्याहून भयंकर संकट आता त्यांच्यापुढे उभे आहे, असे त्यांनी बजावले. हे संकट म्हणजे फोकस्टनमधल्याच ३० बायका. साहेबांनी त्यांना आधीच तयार करून ठेवले होते. अंगावर लष्करी गणवेश नसलेला तरुण दिसला की त्याला गाठायचे आणि भर रस्त्यात त्याला एक पांढरे पीस द्यायचे, एवढेच त्यांचे काम होते. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने ही बातमी छापली आणि ती देशभर गेली. त्याच किनाऱ्यावरच्या डील गावात तर पिसांच्या पलटणीसाठी बायका हव्या आहेत अशी चक्क दवंडी पिटली गेली.

पीस देताना तोंडातून शब्द काढायची गरज नव्हती. ‘पांढरे पीस दाखवणे’ म्हणजे ऐन वेळी कच खाणे, हे इंग्लंडमधल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होते. तोवर शे-सव्वाशे वर्षे हा नुसता वाक्प्रचार होता. फिट्झजेरल्ड यांनी त्याची खरीखुरी वस्तू करून बायकांच्या पिशवीत भरली.

हा वाक्प्रचार कोंबड्यांच्या झुंजीतून आला. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गलेलठ्ठ, खुशालचेंडू आणि विद्वान गृहस्थाने इंग्रजी बोलीतल्या शिवराळ आणि बाजारू शब्दांचा एक कोश छापला. रात्री लंडनच्या गल्ल्याबोळांतून आणि दारूच्या गुत्त्यांतून हिंडून त्याने शब्द गोळा केले होते, असे सांगतात. त्याच्या कोशात पांढरे पीस आहे. एखाद्याला पांढरे पीस आहे म्हणजे तो भित्रा आहे, असा अर्थ ग्रोस देतो आणि कारणही सांगतो: झुंजीच्या कोंबड्याला पांढरे पीस असले, तर तो अस्सल लढाऊ जातीचा नाही हे सिद्ध होते.

यातली मेख पाहण्यासारखी आहे. कोंबडा आखाड्यात उतरून लढला की पळाला, हा प्रश्नच इथे येत नाही. झुंज सुरू होण्याआधी, नुसत्या पिसाऱ्यावरून निकाल लागतो. रक्तात भेसळ आहे, मग हा टिकणार नाही. शर्यतीच्या घोड्यांची आणि लॉर्डांच्या घराण्यांची वंशावळ सारख्याच आस्थेने जपणाऱ्या समाजाला भित्रेपणाची ही व्याख्या रुचली, यात नवल नाही. झुंजीचा नाद वरपासून खालपर्यंत सगळ्यांना होता. लंडनमध्ये सेंट जेम्स पार्कच्या कडेला राजेशाही कॉकपिट, म्हणजे झुंजीचा आखाडा, होते. ती इमारत गेली, पण तिकडे नेणाऱ्या अरुंद पायऱ्यांना अजूनही कॉकपिट स्टेप्सच म्हणतात. विल्यम होगार्थने १७५९ साली अशा एका आखाड्याचे चित्र कोरले. मध्यभागी एक आंधळा लॉर्ड पैजा लावत बसला आहे आणि भोवती उमराव, पाकीटमार, खाटीक अशी सगळी गर्दी एकमेकांच्या अंगावर कोसळते आहे. आखाड्यावर एक विचित्र सावली पडली आहे. ती पैज हरून पैसे न देणाऱ्या माणसाची आहे. अशा माणसाला टोपलीत बसवून छताला टांगून ठेवायची रीत होती. चारचौघांत लाज काढण्याची कला या आखाड्यांना चांगलीच अवगत होती. १८३५च्या कायद्याने झुंजींवर बंदी आली. कोंबडे सुटले, वाक्प्रचार मात्र माणसांच्या मागे लागला.

हे सगळे इंग्लंडपुरतेच होते, हेही सांगायला हवे. फोकस्टनसमोरची खाडी ओलांडून फ्रान्समध्ये उतरले की पांढऱ्या पिसाचा अर्थ उलटा होतो. १५९० साली इव्रीच्या लढाईत राजा चौथा हेन्री शिरस्त्राणावर पांढऱ्या पिसांचा तुरा खोचून घोडदळाच्या पुढे होता, आणि निशाण दिसेनासे झाले तर माझ्या तुऱ्याकडे पाहून एकवटा असे त्याने सैनिकांना सांगितल्याची कथा फ्रेंच पोरे शाळेत शिकतात. तुऱ्याला फ्रेंचमध्ये ‘पनाश’ म्हणतात आणि त्याचा अर्थ पुढे ऐटबाज शौर्य असाच झाला. म्हणजे ज्या खुणेला घाबरून इंग्रज पोरे बोटीत चढत होती, ती खूण बोट जिथे लागायची तिथे वीराची होती.

वाक्प्रचाराला घरोघरी पोचवण्याचे काम एका कादंबरीने केले. ए. ई. डब्ल्यू. मेसन यांची ‘द फोर फेदर्स’ १९०२ साली आली. हॅरी फिव्हरशॅम हा लष्करी घराण्यातला तरुण अधिकारी. पलटण इजिप्तला निघणार असे कळताच तो नोकरीचा राजीनामा देतो. तीन मित्र त्याला एकेक पांढरे पीस पाठवतात. वाग्दत्त वधू एथ्नी आपल्या पंख्यातले चौथे पीस उपटून त्यात भर घालते. मग हॅरी वेष पालटून सुदानात जातो, हाल सोसतो, मित्रांचे जीव वाचवतो आणि एकेक पीस परत करतो. पुस्तक तुफान खपले आणि त्यावर पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले. २००२ सालचा आपल्या शेखर कपूर यांनी केला. मेसन यांचा नायक भित्रा नाही. आपण भित्रे ठरू या भीतीने तो पोखरला गेला आहे. घरातल्या भिंतींवर पूर्वजांची चित्रे आणि जेवणाच्या टेबलावर युद्धकथा, यांत वाढलेल्या मुलाची ती भीती मेसन यांनी चांगली रंगवली आहे. पण सुदानात इंग्रजांचे काय काम होते, हा प्रश्न कादंबरीत कुणालाच पडत नाही. असो. १९१४ साली रस्त्यावर उतरलेल्या कित्येक मुलींच्या मनात एथ्नीचा पंखा असणार, हे उघड आहे. फरक इतकाच की एथ्नी हॅरीला ओळखत होती.

आता ब्रिटनची अडचण पाहू. जर्मनी, फ्रान्स, रशिया यांच्याकडे सक्तीची लष्करसेवा होती आणि लाखोंच्या फौजा तयार होत्या. ब्रिटनचे आरमार जगात पहिले, पण पायदळ छोटे आणि पगारी. ते अर्धे साम्राज्यभर पसरलेले. सक्तीची भरती इंग्रज माणसाच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेत बसत नव्हती आणि तिला हात लावायला मंत्रिमंडळ तयार नव्हते. फिट्झजेरल्ड स्वतः सक्तीच्या भरतीचे जुने पुरस्कर्ते. कायदा होत नाही म्हटल्यावर त्यांनी लाजेची सक्ती शोधून काढली.

नवे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात एक लाख स्वयंसेवक मागितले होते. लोक त्याहून कितीतरी जास्त आले. ३ सप्टेंबरच्या एका दिवसात ३३ हजारांवर माणसांनी नावे घातली, आणि १९१६च्या सुरुवातीपर्यंत सुमारे २५ लाख माणसे आपण होऊन दाखल झाली. त्यांतली किती पिसांमुळे गेली, याचा हिशोब होऊ शकत नाही. मॉन्सच्या बातम्या, बेल्जियममधले अत्याचार, बेकारी, मित्रांची संगत, नुसता उत्साह, अशी कारणे एकात एक गुंतलेली होती. पिसाने पलटणी उभ्या केल्या असे म्हणणे म्हणजे ॲडमिरलसाहेबांना नको इतके श्रेय देणे होईल. पिसाने जे केले ते वेगळ्या ठिकाणी केले: ट्रॅममध्ये, बागेत, नाटकगृहाच्या दाराशी.

पिसे वाटण्याला मोठ्या नावांचा आधार मिळाला. ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ लिहिणाऱ्या बॅरोनेस ऑर्त्झी यांनी ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस लीग’ काढली. लष्करात जाण्याजोगा असून न गेलेल्या पुरुषाबरोबर आपण चारचौघांत दिसणार नाही, अशी शपथ बायकांनी घ्यायची. एक लाख बायका हव्या होत्या, वीस हजारांच्या आसपास आल्या. मताधिकारासाठी कालपर्यंत खिडक्यांच्या काचा फोडणाऱ्या एमलिन पँकहर्स्ट यांनी युद्ध सुरू होताच चळवळ थांबवली आणि त्या भरतीच्या सभा घेत फिरू लागल्या. त्यांच्या अनुयायी दिसेल त्या साध्या कपड्यांतल्या तरुणाला पीस देत असत, असे पुढे त्यांचीच मुलगी सिल्व्हिया हिने लिहून ठेवले. सिल्व्हिया युद्धाच्या विरोधात होती. एकाच घरात उभी फूट पडली होती. सरकारी भरती समितीची भित्तिपत्रकेही याच सुरात बोलत. एकात घराच्या खिडकीत उभ्या बायका नवऱ्यांना ‘जा’ म्हणत आहेत. दुसऱ्यात मुलगी बापाच्या मांडीवर बसून महायुद्धात तुम्ही काय केले, असे विचारते आहे आणि बाप आपल्याकडे पाहतो आहे.

आपल्याकडे मोर्चातल्या बायका साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवतात. बायकी म्हणून पुरुषाला हिणवण्याची ती तऱ्हा मला मुळीच आवडत नाही, पण निदान तिथे आहेर खालून वर जातो. खुर्चीतल्या माणसाला त्याच्या कामाची आठवण करून देतो. फोकस्टनची पिसे वरून खाली गेली. लढायला जाण्याचे वय उलटलेल्या ॲडमिरलने हुकूम दिला, ज्यांना लढायला कुणी घेतच नव्हते आणि ज्यांना मतही नव्हते अशा बायकांनी तो पाळला आणि पीस मिळाले बँकेतल्या कारकुनाला, शिकाऊ कामगाराला, शाळेतून घरी निघालेल्या उंच पोराला. गॅलिपोलीच्या मोहिमेचा बेत आखणाऱ्या मंत्र्याला किंवा सोमच्या लढाईचा नकाशा पसरून बसलेल्या जनरलला कुणी पीस दिल्याचे ऐकिवात नाही.

त्या बायकांना सरसकट दुष्ट ठरवणे सोपे आहे आणि पुढे तसेच झाले. पण जिचा भाऊ खंदकात आहे किंवा मेल्याची तार जिच्या घरी आली आहे, तिला बागेत सिगारेट ओढत बसलेला अनोळखी तरुण पाहून काय वाटत असेल, हेही ध्यानात घ्यावे लागते. शिवाय १९१४ साली देशासाठी काही करायचे तर बाईला परवानगी एवढीच होती: पुरुषाला पाठव. १९१५ नंतर दारूगोळ्याच्या कारखान्यांची दारे उघडली, तेव्हा लाखो बायका तिथे गेल्या, स्फोटांत मेल्या, आणि टीएनटीच्या विषाने त्यांची कातडी पिवळी पडली. अर्थात सगळ्याच पिसांमागे देशभक्ती नव्हती. कंटाळा आलेल्या प्रियकराला वाटेला लावायला काही पोरी पीस वापरत, असा टोमणा कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनी मारला आहे. ते स्वतः गॅलिपोलीला जाऊन आलेले होते.

रस्त्यावरचा हा न्याय चालायचा कपड्यांवर. गणवेश आहे तो शूर, नाही तो भित्रा. कोंबड्याच्या पिसाऱ्यासारखीच ही पाहणी, आणि तितकीच खात्रीची. साध्या कपड्यांत कोण कोण असे? तोफा ओतणारा कामगार, ज्याला कारखान्याने सोडलेच नव्हते. छाती भरत नाही किंवा डोळे अधू म्हणून डॉक्टरने परत पाठवलेला. वयाची अठरा वर्षे पुरी न झालेला मुलगा. परदेशी पाठवायला तर एकोणीस लागत. आणि रजेवर आलेला शिपाई, ज्याने चिखलाने बरबटलेला, उवांनी भरलेला गणवेश घरी पाय ठेवताच काढून फेकला होता.

या शेवटच्या प्रकारातले सर्वांत ठळक उदाहरण जॉर्ज सॅमसन यांचे. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर क्लाइड’ जहाजातून फौज उतरत असताना हा खलाशी दिवसभर गोळ्यांच्या वर्षावात जखमींना ओढून आणत राहिला आणि शेवटी स्वतःच मशीनगनच्या गोळ्यांनी चाळण झाला. तो वाचला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यापेक्षा मोठे शौर्यपदक ब्रिटनकडे नाही. स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टी या आपल्या गावी तो साध्या कपड्यांत सत्काराला निघाला होता. वाटेत एका अनोळखी व्यक्तीने त्याच्या हातात पांढरे पीस ठेवले.

नॉर्मन डेमथ या पोराची गोष्ट मला त्याहून आवडते, कारण तिथे पिसाला उत्तर मिळाले. हा डेमथ पुढे संगीतकार झाला आणि लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिकवू लागला. १९१४ साली तो सोळा वर्षांचा होता. पीस मिळाले म्हणून चिडला, वय लपवून भरती झाला, फ्रान्सला जाऊन आला आणि १९१६ मध्ये लष्करातून सुटला. मग साध्या कपड्यांत दिसू लागल्यावर पुन्हा पिसे सुरू! एकदा बसमध्ये समोरच्या बाईने खोचक बोलत पीस पुढे केले. त्याने आभार मानून ते घेतले, खिशातून तंबाखू ओढायचा पाइप काढला, पीस त्याच्या नळीत घालून आतली काजळी नीट खरवडली आणि ते काळेकुट्ट, ओशट पीस बाईला परत केले. खंदकात आम्हाला ही मिळत नसत बरं का, असेही वर ऐकवले. बाईने नकळत हात पुढे करून ते घेतले. बसमधले लोक तिच्यावर उखडले. ती उतरायला उठली, पण थांबा लांब होता आणि तोवर तिला सगळ्यांचे बोलणे ऐकत उभे राहावे लागले. आपण मागे टेकून खो खो हसत होतो, असे डेमथने म्हातारपणी सांगितले.

सरकारची या प्रकरणात मोठी गंमत झाली. पिसे थांबवायची तर भरतीच्या उत्साहावर पाणी पडेल आणि चालू द्यायची तर कारखाने रिकामे होतील. १९१५ साली पार्लमेंटमध्ये एका सदस्याने गृहमंत्री रेजिनाल्ड मॅकेना यांना विचारले, सरकारी कामावरच्या माणसांना पिसे देऊन छळणाऱ्या या पोरींना अटक करता येईल का? मंत्र्यांनी तसे काही केले नाही. त्याऐवजी सरकारने बिल्ले काढले. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगाराला ‘युद्धकार्यावर’ असा बिल्ला मिळाला. १९१५च्या शेवटी लॉर्ड डर्बी यांच्या योजनेत, बोलावले की येतो असे लिहून दिलेल्यांना दंडावर बांधायला मुकुटाचे चिन्ह असलेली पट्टी मिळाली. सप्टेंबर १९१६ मध्ये जखमी किंवा आजारी होऊन लष्करातून सुटलेल्यांसाठी चांदीचा बिल्ला आला. तो कोटाच्या उजव्या बाजूला लावायचा. पाठीमागे क्रमांक कोरलेला, म्हणजे कुणी उसना घेऊन मिरवू नये. असे दहा लाखांहून अधिक बिल्ले वाटावे लागले. पाय तुटलेल्या किंवा फुप्फुसात विषारी वायू भरलेल्या माणसाला आपण भित्रे नसल्याचा दाखला छातीवर लावून फिरावे लागत होते.

जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. आधी अविवाहितांना, मेपासून विवाहितांनाही लागू. आता फिट्झजेरल्ड यांना हवे होते ते मिळाले आणि पिसाचे काम संपायला हवे होते. संपले नाही. पिसाची गंमत सरकारला नको झाली तरी रस्त्याला हवीच होती, आणि आता त्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले: कायद्यालाच नाही म्हणणारा माणूस. सद्सद्विवेकबुद्धीच्या नावाने लढायला नकार देणारे १६ हजारांच्या घरात होते. त्यांची संघटना उभारणाऱ्यांत फेनर ब्रॉकवे हा तरुण पत्रकार होता. जन्म कलकत्त्याचा, बाप मिशनरी. हाच ब्रॉकवे पुढे आयुष्यभर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी बोलत राहिला. आपल्याला इतकी पिसे आली की त्यांचा पंखा झाला असता, असे तो थट्टेने सांगे. थट्टेमागे तुरुंगवास होता. नकार देणाऱ्यांपैकी ३५ जणांना १९१६च्या जूनमध्ये फ्रान्सला नेऊन मृत्युदंड सुनावण्यात आला. शिक्षा वाचून दाखवताना अधिकारी मध्ये थांबला आणि मग ती दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणल्याचे पुढचे वाक्य त्याने वाचले. तो मधला क्षण ज्यांनी उभ्याने काढला, त्यांना भित्रे म्हणायला जीभ रेटत नाही.

घरी पीस मिळायचे. आघाडीवर भित्रेपणाला गोळी होती. युद्धाच्या काळात भित्रेपणा, पळून जाणे वगैरे गुन्ह्यांसाठी ब्रिटिश आणि साम्राज्याच्या फौजेतल्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच लोकांनी गोळ्या घातल्या. बहुतेकांवर ठपका पळून जाण्याचा होता, केवळ भित्रेपणाचा असे १८च. त्यांतला एक हॅरी फार, वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा शिपाई, वय २५. १९१४च्या शेवटापासून तो आघाडीवर होता. १९१५ साली तोफांच्या माऱ्याने मन खचले म्हणून त्याने पाच महिने इस्पितळात काढले. पत्रे लिहिताना त्याचा हात इतका कापे की नर्स लिहून देत. पुन्हा आघाडीवर पाठवल्यावर सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्याने पुढे जायला नकार दिला: आता सोसवत नाही. लष्करी न्यायालयात त्याची बाजू मांडायला कुणी नव्हते. ऑक्टोबरमध्ये एका पहाटे त्याला उभे केले, तेव्हा त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली नाही. त्याच्या बायकोचे निवृत्तिवेतन बंद झाले. पदरी लहान मुलगी. शेजारीपाजारी नवरा कसा मेला हे कळू नये म्हणून ती गप्प राहिली, आणि ते मौन कित्येक वर्षे टिकले. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’वर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फेब्रुवारी १९१५ मध्येच लिहिले होते. म्हणजे आजाराला नाव मिळाले होते, पण न्यायाधीशांच्या टेबलावर ते पोचले नव्हते. फारच्या त्या मुलीने म्हातारपणी न्यायालयात लढा दिला आणि २००६च्या कायद्याने ३०६ जणांना माफी मिळाली. कायद्याच्या त्याच कलमात लिहिले आहे की या माफीने मूळ दोषसिद्धीला किंवा शिक्षेला बाध येत नाही.

पिसे नेमकी किती वाटली गेली, यावर वाद आहे. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३८ साली ‘थ्री गिनीज’च्या एका टिपेत शंका काढली की ती फार थोडी असावीत आणि पुरुषांच्या मनात ती वाढत गेली असावीत. १९६४ साली बीबीसी महायुद्धावरची मालिका करत होती, तेव्हा पिसांच्या आठवणी कळवा असे आवाहन झाले. पत्रांचा ढीग आला आणि तो आता लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. बसचा क्रमांक, रस्त्याचे नाव, बाईच्या टोपीचा रंग, सगळे पन्नास वर्षांनीही म्हाताऱ्यांना आठवत होते. पिसे मिळालेले मोप. आपण ती दिली असे लिहिणाऱ्या बायका जवळजवळ नाहीतच. वुल्फ यांची शंका मला अर्धी पटते. पीस हातात पडलेले थोडे असतील, पण ट्रॅममध्ये शेजारी बाई येऊन बसली की खिडकीबाहेर पाहणारे त्याच्या कितीतरी पट होते, आणि त्यांची मोजदाद कुठल्याच पेटीत सापडणार नाही.

सरकारने मात्र धडा घेतला होता. दुसऱ्या युद्धाच्या आधी, १९३८ सालीच, कुठल्या कामावरच्या माणसाला लष्करात घ्यायचे नाही याची यादी तयार झाली. खाणकामगार, रेल्वेवाले, गोदी कामगार, शेतकरी, डॉक्टर, शिक्षक असे सुमारे पन्नास लाख पुरुष त्यात होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले, त्याच दिवशी सक्तीच्या भरतीचा कायदाही मंजूर झाला. कोण जाणार आणि कोण राहणार हे आता फायलीत ठरत होते. दवंडीची गरज उरली नव्हती. तरीही जखमी होऊन लष्करातून सुटलेल्यांसाठी राजाच्या नावाने पुन्हा एक बिल्ला काढावा लागलाच. तोही कोटालाच लावायचा होता.